नवव्या प्रश्नापुढचं नाव

मंगळवारी दुपारी प्रमिला कावरखेनं एक्केचाळीस फॉर्म मोजून घेतले आणि पहिले आठ प्रश्न सोडून सरळ नववा वाचायला सुरुवात केली. प्रश्न असा होता : ऑनलाइन अभ्यासक्रम करताना ग्रंथालयातून तुम्हाला सर्वांत जास्त मदत कोणाची झाली? एकच नाव लिहा आणि थोडक्यात कारण द्या.

पहिल्या फॉर्मवर राणी खिल्लारे. दुसऱ्यावर राणीताई. तिसऱ्यावर 'लायब्ररीच्या राणीताई, कारण त्या फोन उचलतात'. चौथा कोरा होता आणि कोरा असल्याचं तिला बरं वाटलं. पाचव्यावर पुन्हा राणीताई.

तिनं तीन गठ्ठे केले. राणीचा एकतीसचा, कोऱ्यांचा सातचा, आणि स्वतःचा तीनचा. मोजणी चुकली असेल म्हणून तिनं गठ्ठे एकत्र केले, उलट्या बाजूनं पुन्हा मोजले. तेच आकडे आले.

स्वतःच्या तीन फॉर्मपैकी एकावर कारण लिहिलं होतं, 'मॅडम पुस्तक वेळेवर परत मागतात'. दुसऱ्यावर काहीच कारण नव्हतं. तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'कावरखे मॅडम. काही अडलं की त्या बराबर सांगतात, अंदाजानं सांगत नाहीत.' हे अक्षर तिला ओळखायला वेळ लागला नाही. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये ती ते रोज बघत होती. राणीनंही त्याच ऑनलाइन पदविकेला प्रवेश घेतला होता, त्यामुळे तिलाही फॉर्म भरायचा हक्क होता. आणि राणीनं आपलं मत प्रमिलाला दिलं होतं.

ते वाचून तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बाकीच्या एकतीस फॉर्मनी तेवढं झालं नव्हतं.

२००८ सालचा नोव्हेंबर चालू होता. हिंगोलीतल्या या महाविद्यालयात मुक्त शिक्षणाचं केंद्र सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. पर्यावरण आणि आरोग्य शिक्षणाची एक वर्षाची पदविका होती. धडे संगणकावर, स्वाध्याय संगणकावर, परीक्षा मात्र केंद्रावर येऊन. केंद्र ग्रंथालयातच होतं, कारण महाविद्यालयात इंटरनेट तिथंच होतं, आणि ते तिथं होतं कारण प्रमिलानं त्यासाठी दोन वर्षं पत्रं लिहिली होती. चार संगणक, एक प्रिंटर, वीज गेली की बॅटरीवर पंधरा मिनिटं तग धरणारा यूपीएसचा एक डबा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मग ग्रंथालयशास्त्राकडे वळलेली ती बाई प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवत असे. कोणत्या दिवशी वीज किती वाजता गेली, हेसुद्धा.

आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं. प्रत्येक केंद्रावर ऑनलाइन विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथालय-मार्गदर्शक नेमायचा. त्याचं नाव आणि फोटो अभ्यासक्रमाच्या पानावर झळकणार. औरंगाबादला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. नाव विद्यार्थ्यांच्या प्रतिसादावरूनच ठरवायचं आणि शनिवारी चारच्या आत तक्ता ई-मेलनं पाठवायचा.

पत्र वाचलं तेव्हा प्रमिलानं मनातल्या मनात ते नाव लिहूनही टाकलं होतं. दुसरं कुणाचं असणार? राणी येऊन अकरा महिने झाले होते. मार्चपर्यंतच्या कंत्राटावरची सहायक, बी.ए. झालेली, पंचविशीची मुलगी. शेल्फवरच्या क्रमांकांचा अर्थ तिला प्रमिलानंच शिकवला होता.

आणि तरी गेले काही महिने एक गोष्ट रोज घडत होती. ग्रंथालयाचं दार उघडायचं, कुणीतरी आत डोकवायचं, प्रमिलाला बघायचं आणि विचारायचं, "राणीताई न्हाईत का?"

"नाहीत. काय हवंय?"

"न्हाई, काही न्हाई. येतो मग."

काय हवंय ते प्रमिलाला सांगता आलं असतं. राणीपेक्षा तिला ते जास्त नेमकं ठाऊक असायचं. पण ते थांबत नसत. एकदा तिनं वहीत अशा माणसांच्या रेघा ओढायला सुरुवात केली होती. एका आठवड्यात चौदा झाल्या. मग तिनं ते पान फाडलं.

बुधवारी सकाळी ती लवकर आली आणि फॉर्मच्या मागच्या सूचना वाचायला बसली. सूचना एक : नोंदणी क्रमांक लिहिणे आवश्यक. सूचना दोन : फॉर्म शाईनं भरावा. सूचना तीन : विद्यार्थ्याने तो स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा.

आधी तिनं क्रमांक नसलेले फॉर्म बाजूला काढले. पाच निघाले, पाचही राणीचे. मग पेन्सिलीनं भरलेले तीन. तेही राणीचेच. एकतीसचे तेवीस झाले.

आपण काय करतोय हे तिला कळत होतं. कॉलेजात असताना प्रयोगशाळेत तिच्या शेजारची मुलगी उत्तर आधी काढायची आणि मग न जुळणारी रीडिंग खोडायची. प्रमिलानं तसं एकदाही केलं नव्हतं. कोणतं रीडिंग टाकायचं ते ठरवायचं असेल तर बघायच्या आधी ठरवायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण नियम तिनं तयार केले नव्हते. ते छापलेले होते. कोऱ्या फॉर्मांपैकी दोन फॉर्मवरही क्रमांक नव्हता, ते मात्र तिनं बाजूला काढले नाहीत. त्यांनी काही फरक पडणार नव्हता.

मग तिला ते दिसलं. उरलेल्या तेवीसमध्ये सेनगावकडच्या विद्यार्थ्यांचे बारा फॉर्म एकाखाली एक आले होते. बाराही निळ्या शाईत. बाराही ठिकाणी 'ण'चा दांडा खाली वळवलेला, बाराही ठिकाणी शिरोरेषा शब्दाच्या पुढे ओढलेली. हे एकाच हाताचं अक्षर होतं.

तिनं उठून खोलीचं दार लोटलं. छातीत काहीतरी हलकं झालं होतं आणि तिला ते लपवावंसं वाटलं. रजिस्टर काढून तिनं राणीचं अक्षर शेजारी धरलं. राणीचा 'ण' वळत नव्हता. पण माणूस अक्षर बदलू शकतो. मुद्दाम बदलू शकतो.

प्राचार्य हरिचंद मगर यांनी बारा फॉर्म पंख्यासारखे हातात पसरले आणि चष्मा कपाळावर नेला.

"एकाच माणसानं भरलेत म्हणता?"

"हो सर. अक्षर एकच आहे."

"त्या पोरीनं?"

"ते मी सांगू शकत नाही. अक्षर एकच आहे, एवढंच सांगते."

"अहो मॅडम, तुम्ही नेहमी असंच बोलता. व्हय का न्हाई ते सांगा ना." त्यांनी फॉर्म परत दिले. "चौकशी करा. तिनं भरले असतील तर मार्चपर्यंत तरी काहून ठेवायची तिला? उद्याच्याला घरी बसवू. आणि तुमचं नाव पाठवून मोकळे होऊ. हाय काय त्यात."

हाय काय त्यात, हे शब्द घेऊन ती बाहेर आली. राणी व्हरांड्यात प्रिंटरचा कागद उचलून आणत होती. "मॅडम, ते पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं कोणत्या पुस्तकात चांगलं दिलंय? सोप्यात?"

"तुला कशाला?"

"धड्यात हाय ना आपल्या."

प्रमिलानं पुस्तकाचं नाव सांगितलं, पान सांगितलं, आणि पानावरच्या आकृतीत एक चूक आहे हेही सांगितलं. सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. राणीनं तळहातावर लिहून घेतलं.

गुरुवारी तिनं राणीला फक्त "मी आज उशिरा येईन" एवढा फोन केला आणि सकाळी साडेनऊची सेनगावची एसटी धरली. पिशवीत बारा फॉर्म होते आणि बारा कोरे फॉर्म होते. कोरे तिनं का घेतले हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. ती कुठंही जाताना कोरा कागद सोबत घेत असे.

कंडक्टर रामकिशन तिकीट फाडता फाडता थांबला. तिच्या पिशवीवर महाविद्यालयाचं नाव होतं.

"लायब्ररीच्या का तुमी?"

"हो."

"मंग आज पाकीट काहून आमच्याकडं दिलं? तुमीच चालल्या ना."

"कसलं पाकीट?"

रामकिशननं ड्रायव्हरच्या मागच्या फळीवरून खाकी कागदात बांधलेलं एक गठुडं काढलं. वर राणीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सेनगाव, कोमल, चहाचं दुकान'. "दर गुरुवारी असतंय. पोरं हिंगोलीला शिकायला असली म्हंजी त्यांचे डबे येतात बघा आमच्या गाडीनं, तसं. फकस्त हे उलटं जातंय. डोंगरकड्याचं पाकीट दुसऱ्या गाडीनं जातं. कुरुंद्याचं वसमतवरून." त्यानं ते तिच्या मांडीवर ठेवलं. "न्या आता. आमची तकलीफ वाचली."

महिन्याला प्रिंटरचा कागद दुप्पट संपतो याची प्रमिलानं ऑगस्टपासून नोंद ठेवली होती. विद्यार्थी येऊन घेऊन जातात, असं राणी म्हणाली होती. बसमध्ये बसून तिनं पाकिटाची दोरी सोडली नाही. वजनावरून दीडशे-एक पानं असावीत. वर चिकटवलेली चिठ्ठी मात्र तिला वाचावीच लागली, कारण ती उघडीच होती. 'धडा सात, सगळ्यांना. फ्लोराइडचं वेगळं पान जोडलं आहे. पान ११४ वरच्या आकृतीत नळीची खूण चुकीची आहे, दुरुस्त करून घ्या. कावरखे मॅडमला विचारून लिहिलंय.'

स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात बाकावर सातजण बसले होते. त्यांतलीच बावीस-तेवीस वर्षांची, सलवार-कमीजवर शर्ट घातलेली एक मुलगी रामकिशनकडे हात करत पुढे आली आणि पाकीट भलत्याच बाईच्या हातात बघून थबकली.

"तुम्ही कोमल?"

"व्हय. राणीताईनं तुमाला धाडलं का? त्या बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत." प्रमिलानं पाकीट दिलं, पिशवीतले फॉर्म काढले आणि उभ्या उभ्याच विचारलं. "हे बारा फॉर्म कोणी भरले?"

"म्या," कोमल लगेच म्हणाली. "काहून? चुकलं का काही?"

प्रमिलानं पुढचा प्रश्न तयार ठेवला होता. तो समोरचा माणूस नाकारेल या हिशेबानं होता. आता त्याचा उपयोग नव्हता.

"सगळ्यांचे तुम्हीच?"

"माझी पाळी होती ना त्या गुरुवारची." कोमलला यात समजावण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. "पाकीट आलं की ज्याची पाळी असंल त्यानं सोडायचं, वाटायचं, आन् परतीच्या गाडीनं सगळ्यांच्या अडचणी एका कागदावर लिवून धाडायच्या. एकाच्याच अक्षरात धाडा, असं राणीताई म्हणतात, त्यांना वाचायला सोपं जातं. मंग हे फॉर्म पाकिटातूनच आले तर आमी तसेच लिवले. एकेकजण सांगत गेला, मी लिवत गेले."

"मागं सूचना आहे. स्वतःच्या हस्ताक्षरात."

"मागं कोण बघतंय मॅडम," बाकावरच्या चाळिशीतल्या बाईनं चहाची बशी खाली ठेवली. डोक्यावर पदर, हातात अंगणवाडीचं रजिस्टर. "सोयाबीन काढणं चालू होतं. माह्या हाताला ह्या बोटापस्तोर चिरा पडल्या व्हत्या. पेन धराया गेले तर रगत निघायचं. मी म्हणलं, कोमल, तूच लिव बाई. तोंड तर माहंच हाय ना."

"शकुबाई, तोंड तुझंच हाय, ते पार पंचायत समितीपस्तोर ऐकू जातं," शेजारचा धम्मानंद म्हणाला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता.

"ऐकू गेलं म्हणून तर पगार निघाला सगळ्यांचा. तू गुमान ऱ्हा." शकुबाईनं प्रमिलाकडं नीट पाहिलं. "पर बाई, तुमी कोण? विद्यापीठाच्या का?"

"मी ग्रंथपाल आहे. कावरखे."

मग धम्मानंद उठून उभा राहिला आणि बाकीचेही उठले, वर्गात उठतात तसे.

"तुमीच त्या मॅडम व्हय!" शकुबाई म्हणाली. "चिठ्ठीत असतंय तुमचं नाव. कावरखे मॅडमला विचारून. राणीताई म्हणती, मॅडमनं तपासल्याबिगर मी एक पान धाडत न्हाई."

प्रमिलाला बसायला जागा करून दिली गेली. चहा आला. कोमलनं पिशवीतून चिठ्ठ्यांची फाइल काढून दाखवली, तारखेप्रमाणे लावलेली. प्रमिलानं पानं उलटली. क्षार मोजायची रीत, क्लोरीनचं प्रमाण, जंतांच्या गोळीचं वजनाप्रमाणे कोष्टक. सगळं तिचंच होतं. राणीनं कपाटापाशी उभं राहून सहज विचारलेलं, आणि तिनं फाइलीतून मान वर न करता सांगितलेलं. एक वाक्यही राणीनं आपलं म्हणून खपवलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीखाली तिचं नाव होतं.

तिला वाटलं होतं की असं काही सापडलं तर तिचं मन निवेल. उलटच झालं. या माणसांपर्यंत तिचं नावसुद्धा राणीच्या हातून पोचलं होतं. तिचं ज्ञान इथं दर गुरुवारी एसटीनं येत होतं, आणि ती स्वतः दीड वर्षात पहिल्यांदा आली होती, तीही चौकशीला.

"हे बारा फॉर्म धरता येणार नाहीत," ती म्हणाली. "नवे आणलेत. प्रत्येकानं स्वतः भरायचे."

सातजण होते. कोमलनं उरलेल्या पाचजणांना मिसकॉल दिले, आणि दीड तासात दोन जीपमधून पाचहीजण येऊन उतरले. फॉर्म वाटले गेले. शकुबाईनं पेनाचं टोपण दातानं काढलं आणि नवव्या प्रश्नाशी थांबली.

"मॅडम, एकच नाव लिवायचं?"

"एकच."

"मंग तुमचं लिवते यंदा." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "काय रे धम्मानंद? राणीताईचं मागल्या खेपी झालं. ह्या एवढ्या लांबून आल्या, उन्हातान्हाच्या. आन् सांगतात तर ह्याच सगळं. लिवा की सगळेजण."

"बरं हाय," कुणीतरी म्हणालं. "राणीताईला काय त्याचं. तिला वाईट न्हाई वाटायचं."

"यानं काय होणार हाय मॅडम?" धम्मानंदनं विचारलं. "म्हंजी कशासाठी हाय हे?"

प्रमिलाला हिशेब करावा लागला नाही. तो आपोआप झाला. राणीच्या एकतीसमधून हे बारा गेले की एकोणीस. क्रमांक नसलेले पाच आणि पेन्सिलीचे तीन गेले की अकरा. आपले तीन आणि हे बारा, पंधरा. अकरा आणि पंधरा. एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक फॉर्म नियमानं धरलेला किंवा नियमानं टाकलेला असता, आणि प्रत्येक माणसानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या इच्छेनं लिहिलेलं असतं. उद्या कुणी कागद मागितले तर ती ते क्रमानं मांडून दाखवू शकली असती.

तिनं फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला जमत असे.

बाराजण तिच्या तोंडाकडे बघत होते. कोमलनं फाइल अजून छातीशी धरली होती.

"यावरून एकाची नेमणूक होणार आहे," प्रमिला म्हणाली. आपला आवाज तिला कोरडा वाटला. "ज्याचं नाव येईल तो पुढं हे काम करणार. राणीचं नाव नाही आलं तर मार्चनंतर ती ग्रंथालयात असेल की नाही, सांगता येत नाही. माझी नोकरी कायम आहे. मी आले म्हणून कोणी माझं नाव लिहू नका. कोणाची मदत झाली, तेवढंच लिहा."

"अगं माय," शकुबाई हळूच म्हणाली.

"लिहून झालं की या लिफाफ्यात घाला आणि तुम्हीच चिकटवा. मी बघणार नाही."

ती उठून रस्त्यापलीकडं गेली. तिकडं एका बंद दुकानाच्या ओट्यावर ती उभी राहिली आणि तिनं पाठ फिरवली. चांगलं काही केल्याचं समाधान तिला मुळीच झालं नव्हतं. पंधरा आणि अकरा, हे दोन आकडे डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिला कोमलचा राग आला, त्या वळलेल्या 'ण'चा राग आला. आपण हे बोललो नसतो तर, असं तिच्या मनात आलं, आणि मग, अजूनही परत जाऊन काही वेगळं सांगता येईल का, असंही आलं. मागून शकुबाईच्या हसण्याचा आवाज ऐकू आला तेव्हाच ती वळली.

शुक्रवारी सकाळी ग्रंथालयाच्या दारातच राणी उभी होती. तोंड उतरलेलं नव्हतं, ते रागानं फुगलेलं होतं.

"कोमलचा फोन आला व्हता, मॅडम."

"बरं."

"तुमाला वाटलं मी भरले फॉर्म?"

"हो."

राणीला बहुधा हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "मला विचारायचं व्हतं ना. मी हितंच तर असते. दोन हातांवर बसता तुमी माझ्यापासून."

"विचारायला हवं होतं."

"मंग काहून न्हाई विचारलं?"

प्रमिलानं पिशवी टेबलावर ठेवली, लिफाफा काढला, त्याची चिकटवलेली बाजू वर केली. "तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

राणीनं लिफाफ्याकडं पाहिलंही नाही. "सर मला घरी बसवणार व्हते म्हणं. संतराम शिपायानं ऐकलंय."

"म्हणाले होते."

"तुमी काही म्हणल्या न्हाईत?"

"नाही. तेव्हा नाही."

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते रागानंच पुसलं. "मी तुमचं नाव लिवलं व्हतं मॅडम. माझ्या फॉर्मवर."

"माहीत आहे. ते सगळ्यात जास्त लागलं मला." प्रमिलानं कात्री पुढं केली. "बस. तू फोड. मी तक्ता लिहिते."

राणीनं लिफाफा फोडला. एकेक फॉर्म ती वाचत गेली आणि प्रमिला रेघा ओढत गेली. राणीचे नऊ. प्रमिलाचे दोन. एका फॉर्मवर शकुबाईनं दोन्ही नावं लिहून खाली लिहिलं होतं, 'एक सांगती आणि एक आणून देती, मी काय करू'.

"हा बाद," प्रमिला म्हणाली.

"बिचारी शकुमावशी," राणी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, मग आपण रागात आहोत हे आठवून ती थांबली.

प्रमिलानं खण उघडला. बाजूला काढलेले आठ फॉर्म तिनं काढले, पाच क्रमांकाशिवायचे, तीन पेन्सिलीचे. राणीनं विचारलं, हे वेगळे काहून ठेवले व्हते? "तुझे कमी करायला," प्रमिलानं सांगितलं. क्रमांक नसलेल्या कोऱ्या फॉर्मांना तिनं ही अट लावली नव्हती, मग यांनाही लावता येत नव्हती. आठही तिनं परत गठ्ठ्यात घातले. अठ्ठावीस, पाच, कोरे सात, बाद एक. एक्केचाळीस.

शनिवारी भारनियमनात वीज चारला जायची होती. साडेतीनला तक्ता तयार होता, फक्त शेवटचा रकाना उरला होता : ग्रंथपालाचा अभिप्राय. प्रमिलानं तो लिहायला अर्धा तास राखून ठेवला होता आणि तो दहा मिनिटांत लिहून झाला. श्रीमती राणी खिल्लारे यांनी ज्या विद्यार्थ्यांकडे संगणक वा वीज नाही अशांपर्यंत छापील धडे दर आठवड्याला एसटीनं पोचवले. सेनगाव, डोंगरकडा, कुरुंदा, तीन ठिकाणी. विद्यार्थ्यांच्या अडचणी लेखी मागवल्या आणि संदर्भासह उत्तरं दिली. उत्तर कोणाकडून घेतलं ते प्रत्येक वेळी नोंदवलं.

राणीनं मागं उभं राहून ते वाचलं. "माझ्याबद्दल एवढं कुणी लिवलं न्हवतं मॅडम."

"जे मोजता आलं ते लिहिलंय."

"तुमाला आता वाईट वाटून राहिलं का?"

"हो," प्रमिला म्हणाली. "तुझं नाव टाइप करताना हात जड होतो. ते जाईल की नाही, मला माहीत नाही. पण नाव तुझंच आहे."

प्रमिलानं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली, मध्ये एकदा अडकली, मग पुढं सरकली. गेल्याचा निरोप आला तेव्हा चारला सात मिनिटं होती.

"जा, घरी कळव," प्रमिला म्हणाली.

राणी बाहेर गेली. व्हरांड्यात तिनं फोन लावल्याचं ऐकू आलं. "आई? व्हय, मीच. गेलं. माझंच गेलं. न्हाई, मॅडमनंच धाडलं. अगं व्हय, फोटूबी लागणार हाय." वीज गेली, पंखा फिरत फिरत थांबला, आणि आवाज अधिक स्पष्ट झाला. दार लोटून घेता आलं असतं. प्रमिला खुर्चीत बसून राहिली आणि तिनं ते सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.